थायाच्या हाताचे आठ सेकंद

पाणी सत्त्याऐंशी अंशांना उकळतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः मोजलंय. एकदा नाही, तेरा वेळा. आईच्या आपीच्या भांड्यात थर्मामीटर बुडवून. आणि तेराही वेळा बोलणी खाल्ली आहेत.

"योसेलिन, ती तुझी काडी माझ्या भांड्यातून काढ! गिऱ्हाइकांना वाटेल, आपी आजारी आहे."

आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय. ते रटरटत असतं, वाफ आईच्या टोपीपर्यंत जाते आणि पारा सत्त्याऐंशीवर जाऊन बसतो. पुढे सरकेल तर शपथ. पुस्तकात शंभर छापलेलं असतं, पण एल आल्तोतलं कुठलंही पोर सांगेल की शंभर हा परीक्षेत लिहायचा आकडा आहे. आमचं गाव इतक्या उंचावर आहे की पाणी बिचारं लवकर हार मानतं. म्हणून तर आमच्याकडे बटाटा शिजता शिजत नाही आणि प्रेशर कुकरला घरातल्या माणसासारखा मान असतो.

हे सगळं मला इतकं पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी खाली, सपाटीवरच्या सान्ता क्रूसला जाऊन सगळ्यांसमोर तोंडावर आपटले.

मुळापासून सांगते. विल्मर चुरा माझ्या वर्गात आहे. तो चित्रं काढतो आणि बोलत नाही. मीही पूर्वी बोलायचे नाही. वर्गात प्रश्न आला की मी बाकाच्या फळीवरच्या रेघा मोजायचे. मग आमच्या विज्ञानाच्या बाई, प्रोफे सेनोबिया, यांनी एक दिवस फळ्यावर लिहिलं: किशोर चित्रकथा मेळावा, सान्ता क्रूस. पहिल्या तीन चित्रकथा छापणार. अट एकच. नायकाची शक्ती कितीही अचाट असू दे, तिचं कारण विज्ञानाला पटेल असं पाहिजे. जादू, शाप, वरदान, आकाशातून पडलेला चमकता दगड, काही चालणार नाही. परीक्षक उलटतपासणी घेणार. उत्तर टिकलं नाही, तर चित्रकथा बाद.

मी हात वर केला. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण एकदा वर गेलेला माझा हात त्यानंतर खाली आलेला नाही, असं प्रोफे म्हणतात.

विल्मरने आणि मी मिळून थाया घडवली. थाया म्हणजे आमच्या आयमारा भाषेत थंड वारा. आमची थाया उकळत्या भांड्यात उघडा हात घालते आणि तिला काही होत नाही. सात महिने, बावीस पानं. विल्मरने हाताच्या नमुन्यासाठी माझ्या आईचा हात वापरला. दर रविवारी बाजारात तो आमच्या गाड्यासमोर मोड्यावर बसायचा, आपी प्यायचा आणि आईचे हात काढायचा. आईच्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत, तेही त्याने काढले. बावीसच्या बावीस पानांवर.

शक्तीचं कारण शोधायचं काम माझं. मी लिहिलं: थायाच्या हातावरच्या ग्रंथींतून मेणासारखा पदार्थ पाझरतो आणि मोज्यासारखा हाताभोवती बसतो. हे मेण नव्वद अंशांपर्यंत वितळत नाही. उकळतं पाणी सत्त्याऐंशी. वर तीन अंश शिल्लक! त्या तीन अंशांचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू.

आणि विल्मरला सुचलं की मेळावा सान्ता क्रूसला आहे, तर शेवटचा प्रसंगही तिथल्याच मळ्यात घालू, यजमान खूश होतील. मग थाया डोंगर उतरून खाली जाते. उसाच्या गुऱ्हाळात रसाची काहील कलंडायला लागते, खाली लहान मुलं अडकलेली, आणि काहील धरणारी साखळी उकळत्या रसात पडलेली. थाया हात घालते, साखळी शोधते, धरून ठेवते. कामगार मुलांना बाहेर ओढत मोठ्याने आकडे मोजतात. एक, दोन, तीन, अकरापर्यंत. अकरा फुगे विल्मरने सुंदर काढले होते.

तर आम्ही तिघं, मी, विल्मर आणि प्रोफे, बसने खाली उतरलो. बसमधून पाय बाहेर टाकला आणि वाटलं, कुणीतरी तोंडावर ओला टॉवेल टाकला.

सकाळी दहाला आमची पहिली फेरी. परीक्षक होत्या इंजिनिएरा मेल्वी साउसेदो, पंचवीस वर्षं साखर कारखान्यात काढलेल्या. केस आखूड, हातात पंखा. त्यांनी आमचं पान वाचलं, पंखा थांबवला.

"पोरी, नव्वद अंश का घेतलेस?"

"कारण पाणी सत्त्याऐंशीला उकळतं, इंजिनिएरा." मी इतक्या मोठ्याने म्हणाले की मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेलं.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? भांड्यात!"

सभागृहात हशा पिकला. मला वाटलं, माझ्या विनोदावर हसतायत. मीही हसले.

"तुमच्या एल आल्तोत, हो," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे, तेच जास्त लागलं. "इथे अठ्ठ्याण्णवला उकळतं. आणि उसाचा रस घट्ट होत आला की एकशे पाचच्या घरात. तुझं मेण कामगारांनी 'एक' म्हणायच्या आत काहिलीत. आणि हात?"

"शिजला!" मागून कुणीतरी ओरडलं. "कोया पोरीचा हात, वाफाळता, सोबत उकडलेला कसावा!"

कोया म्हणजे आम्ही, वरचे. ते खालचे काम्बा. एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण मी मनातल्या मनात एकशे पाचातून नव्वद वजा करत होते.

"आणखी एक," इंजिनिएरांनी चित्रावर बोट ठेवलं. "हिला भाजत नाही म्हणता. मग मनगटावर हे डाग कसले?"

मी विल्मरकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो कधी बोलत नाही, म्हणजे उत्तर मलाच द्यायचं होतं. आणि मला फक्त त्या सभागृहातून बाहेर पडायचं होतं.

"ती... चित्रातली चूक आहे," मी म्हणाले.

इंजिनिएरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "दुसरी फेरी तीनला. स्पष्टीकरण एकदा बदलता येतं. चित्रं बदलता येणार नाहीत, रेघसुद्धा नाही. तीनला टिकलं नाही, तर थाया घरी."

बाहेर अंगणात खाण्याच्या टपऱ्या होत्या. मी तरातरा एका कॉफीवालीकडे गेले. तिची किटली खदखदत होती. टपरीवालीला आमच्याकडे कासेरा म्हणतात.

"कासेरा, तुमच्या किटलीत थर्मामीटर बुडवू?"

"धुतलेला आहे का?"

"आपीत बुडवलेला आहे."

"मग बुडव. चव तरी येईल."

पारा चढला. ऐंशी. सत्त्याऐंशी. मी मनात म्हटलं, थांब. थांब ना रे. तो थांबला नाही. त्र्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव. तिथे बसला. मी थर्मामीटर काढला, झटकला, परत बुडवला. अठ्ठ्याण्णव.

"बिघडलाय का, पोरी?" कॉफीवालीने विचारलं.

"नाही. मीच."

विल्मर एका बाकावर पाठमोरा बसला होता. मी जाऊन शेजारी बसले, तर तो उठून दुसऱ्या टोकाला गेला.

"काय झालं?"

"मी चुकलो?" तो म्हणाला. "चित्रात चूक? मी?"

"अरे, मला काहीतरी बोलायला हवं होतं..."

"तू तुझ्या आईच्या हाताला चूक म्हणालीस, योसे. एवढ्या लोकांत."

सात महिन्यांत त्याने एका दमात बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. त्या डागांची हकिगत मला माहीत होती. विल्मरलाही होती, आईनेच एका रविवारी त्याला सांगितली होती, पातेलं घासता घासता.

प्रोफे तीन पेले घेऊन आल्या. वाळवलेल्या पीचचं मोकोचिंची, काठोकाठ बर्फ घातलेलं. आम्ही वरची माणसं बर्फाला जरा बिचकतोच, वर्षभर दारातच असतो तो. विल्मरने आपल्या पेल्यातला सगळा बर्फ चमच्याने काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवला. "घसा बसतो," म्हणाला. माझ्याशी नाही, झाडाशी.

"रडायचं असेल तर पाच मिनिटं रडा," प्रोफे म्हणाल्या. "मग कामाला लागू. बारा वाजलेत."

"मी रडणार नाही," मी म्हणाले. "मेण एकशे दहाला वितळणारं करू. झालं."

"करशील. मग ते शरीरातून बाहेर कसं येईल? सदतीस अंशांच्या अंगात एकशे दहाचं मेण म्हणजे दगड. बोटं वाकतील का तिची? आणि जाड असलं तरी उष्णता हळूहळू आत शिरणारच. इंजिनिएरा दोन मिनिटांत फाडतील."

मग पातळ नळ्या, मग थंड रक्त, मग दुहेरी कातडी. मी सुचवायचे, प्रोफे तोडायच्या. एक वाजला. मी चिडून थर्मामीटर हातात फिरवत होते, तो उगाच माझ्या पेल्यात खुपसला. शून्याच्या जवळ. बरं. विल्मरच्या पेल्यात खुपसला. एकतीस.

"ए!" विल्मर.

"गप्प बस. किती वेळ झाला आपल्याला पेले घेऊन?"

"तासभर होत आला."

परत माझा पेला. बर्फाचे दोनच खडे उरले होते, बोटाच्या पेराएवढे. ऊन मरणाचं. सावलीतसुद्धा पेल्याला बाहेरून घाम फुटला होता. आणि आत अजून शून्याच्या जवळच. मी ढवळलं. तेवढाच. मी त्या दोन खड्यांकडे बघत बसले, दोघेही संपेपर्यंत. ते संपले, आणि मग, मगच, पारा उठला. चार. सात. बारा.

मी इतक्या जोरात उभी राहिले की प्रोफेंचा पेला सांडला.

"आपण उलटं केलं! प्रोफे, आपण सगळं उलटं केलं! मेण वितळू नये म्हणून मी धडपडत होते. वितळलंच पाहिजे! बर्फ वितळतोय तोवर सगळी उष्णता त्या वितळण्यातच खर्च होते, पेला तापत नाही. मेणही तसंच. वितळण्याचा आकडा वर नाही न्यायचा, खाली आणायचा!"

प्रोफे सांडलेलं मोकोचिंची तसंच ठेवून पेन शोधायला लागल्या. "किती खाली?"

"अंगाच्या वर आणि भाजण्याच्या खाली."

"चाळीस, बेचाळीसच्या मधे. मेंढीच्या लोकरीतली चरबी साधारण तिथेच मऊ होते."

"एक्केचाळीस!" मी म्हणाले. "म्हणजे एरवी ते हातावर घट्ट बसतं, बोटं वाकतात. काहिलीत हात घातला की वितळायला लागतं, आणि शेवटचा थर संपेपर्यंत कातडीला एक्केचाळीसच लागतात. कढत अंघोळीएवढं."

कागद नव्हता, तर प्रोफेंच्या बसच्या तिकिटामागे हिशेब केला. हाताचं क्षेत्रफळ, तीन मिलिमीटरचा थर, मेण किती ग्रॅम, वितळायला उष्णता किती लागते, उकळता रस दर सेकंदाला किती उष्णता देतो. मी भागाकार तीनदा केला. प्रोफेंनी दोनदा. आमच्या घरी, सत्त्याऐंशीच्या पाण्यात, बारा सेकंद मिळत होते. इथे एकशे पाचच्या रसात, आठ.

"आठ सेकंद! झालं!" मी नाचायलाच लागले.

विल्मर त्या टोकावरून सरकत आला. त्याने पान एकोणीस उघडून माझ्यासमोर धरलं आणि फुग्यांवर बोट ठेवत गेला. नऊ. दहा. अकरा.

माझं नाचणं थांबलं.

"कामगार भराभर मोजतायत असं सांग," तो म्हणाला. मला वाचवायला म्हणाला. मी त्याच्या चित्राला चूक म्हटलं होतं, आणि हा मला पळवाट देत होता.

मी त्या पानाकडे बघत राहिले. अकराव्या फुग्याखाली थायाचा चेहरा होता. दात आवळलेले. सात महिने मी तो चेहरा बघत होते आणि मला वाटायचं, ती साखळीच्या वजनाने दात आवळते आहे.

"नाही," मी म्हणाले. "ते बरोबर मोजतायत. तुझं सगळं बरोबर आहे."

तीनला सभागृह सकाळपेक्षा भरलेलं होतं. शिजलेला हात बघायला आले असावेत. इंजिनिएरांनी तिकिटाची मागची बाजू वाचली, उलटी करून पुढची पण वाचली.

"एल आल्तो ते सान्ता क्रूस. हा पुरावा आहे?"

"तो प्रवास आहे, इंजिनिएरा. पुरावा मागे."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "एक्केचाळीस अंश. तुझ्या नायिकेला ताप आला तर?"

"तर ती अंथरुणात झोपते, चादरीला मेण लागतं आणि आई ओरडते."

लोक हसले. या वेळी खरंच माझ्या विनोदावर.

"वितळलेलं मेण रसात वाहून जाईल."

"जाईलच. म्हणून तर आठच सेकंद. थर संपला की तिचा हात तुमच्या-माझ्यासारखा."

"हं." त्यांनी पान एकोणीस उघडलं. मला माहीतच होतं. "इथे अकरापर्यंत मोजलंय. तीन सेकंद जास्तीचे. ते कुठल्या विज्ञानात बसवतेस?"

"बसवत नाही," मी म्हणाले. "ते तीन सेकंद ती भाजते."

मागच्या रांगेतले पुढे वाकले.

"सकाळी तुम्ही डागांबद्दल विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले. चित्रात चूक नाही. मनगटावर मेणाचा थर पातळ असतो, तिथे आधी संपतो. थायाचा हात आठ सेकंदांच्या पुढे गेला, की तिथे डाग पडतो. पहिल्या पानापासून डाग आहेत, कारण ही तिची पहिली वेळ नाही. ते हात माझ्या आईचे आहेत. मी चार वर्षांची असताना आमच्या गाड्यावरचं आपीचं भांडं माझ्या अंगावर कलंडत होतं. आईने ते उघड्या हाताने धरलं आणि मला कुणीतरी उचलेपर्यंत सोडलं नाही. आईला मेण नाही."

इंजिनिएरांनी पहिलं पान उघडून ते मनगट पाहिलं. मग विचारलं, "कुठला हात?"

"डावा," मी चित्राकडे बोट दाखवलं.

त्यांनी वहीतली सकाळची ओळ खोडली. मला उलटं वाचता येतं, म्हणून दिसलं. "भागाकार एकदा मी करून बघते," त्या म्हणाल्या आणि तिथेच, सगळ्यांना ताटकळत ठेवून, तिकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात केला. "आठ पूर्णांक चार. कारखान्यात मी चार सोडून देत नाही. पण चालेल. टिकलं."

मागचा तो शिजलावाला सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला लागला. बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "काय रे काम्बा, कसावा गार झाला का?" तर म्हणतो, "तुझ्यासाठी राखून ठेवलाय, पण तुमच्याकडे तो शिजेल कधी?" याला मात्र मला लगेच उत्तर सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये चार सुचली.

आमचा तिसरा नंबर आला. पहिला एका मुलाचा, ज्याचा नायक वटवाघळासारखं आवाजाने बघतो. त्याचं गणित सुंदर होतं, मी ते मान्य करते, नाइलाजाने. पण छापणार पहिल्या तीनही, म्हणजे थाया छापणार!

छापील नमुना हातात पडला, त्या रविवारी आम्ही दोघं तो घेऊन बाजारात धावत गाड्यावर गेलो. आईने हात एप्रनला पुसले, पान पान उलटलं. पान एकोणीसवर थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, "कासेरा, एक आपी," तर आई त्याला म्हणाली, "थांब जरा."

मी वाट बघत होते. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"हात चुकलाय," आई म्हणाली.

"काय?"

तिने उजवी बाही वर सारली. डाग उजव्या मनगटावर होते. उजव्या! डावं मनगट स्वच्छ. विल्मर सात महिने तिच्या समोर मोड्यावर बसायचा, आणि त्याच्या डावीकडे दिसणारा हात त्याने थायाचा डावा म्हणून काढला होता, आरशातल्यासारखा. आणि मी, जी रोज त्याच हातातून पेला घेते, सभागृहात उभी राहून ठासून डावा म्हणून आले. तेरा वेळा भांडं मोजलं. हात एकदाही नाही पाहिला.

विल्मरचा चेहरा आपीसारखा जांभळा झाला. "दोन्या एउसेबिया, मी... बावीसच्या बावीस पानं..."

"असू दे रे. तुझी पोरगी डावखुरी असेल." आईने त्याच्यासमोर पेला ठेवला, वर चीज भरून तळलेला एक फुगलेला पास्तेल ठेवला. मग माझ्याकडे वळली. "आणि हे आठ सेकंद कुणी मोजले?"

"मी."

"मी नव्हते मोजत," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाचं आपी ओतायला वळली.

मी थर्मामीटर खिशातच ठेवला. गाड्याच्या पलीकडे जाऊन तिच्या बाजूला उभी राहिले, तिच्या उजव्या हाताला, आणि या वेळी नीट बघायला लागले.